दारू सुटली नसली तरी एचआयव्हीची गोळी कशी चालू ठेवायची (घरच्यांसाठी)

निपाणीकडच्या पट्ट्यात माझं मेडिकल आहे. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही बघून, काउंटरवर वाकून, एकदम हळू आवाजात विचारला जाणारा एक प्रश्न ठरलेला असतो: "दादा, आज हे घेऊन आलेत, मग ती गोळी देऊ काय नको?" ती गोळी म्हणजे एआरटी सेंटरची, एचआयव्हीचं औषध देणाऱ्या सरकारी सेंटरची. विचारणारी बहुतेक वेळा बायको, कधी आई, कधी थोरली बहीण. उत्तर एकच आहे, द्या. आणि हे इतक्या कमी घरात माहीत आहे की शेवटी लिहायलाच बसलो.

लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की दारूवर ही गोळी पडली की विष होतं. मग माणूस बिचारा प्रामाणिकपणे "आज प्यालोय, आज नको" म्हणून गोळी सोडतो. शनिवारी सोडतो, रविवारी सोडतो, चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत दोन-तीन दिवस सोडतो, आणि वर म्हणतो मी नियम पाळलाय. आता सेंटरमधून बहुतेक मोठ्या माणसांना मिळते ती टीएलडी, म्हणजे टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडिन ३०० नी डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम, तीन औषधं एकाच गोळीत, दिवसाला एक. या गोळीचं नी दारूचं असं थेट भांडण नाही. दारू लिव्हर खाते, झोप खाते, पगार खाते ते सगळं खरंच आहे, खरं त्या दिवशीची गोळी टाळून त्यातलं काहीच वाचत नाही, उलट विषाणूला मोकळं रान मिळतं. महिन्याच्या ३० गोळ्यांतल्या २ चुकल्या की माणूस ९५ टक्क्यांच्या खाली येतो, आणि सेंटरवाले ९५ च्या वर राहा म्हणतात. दर शनिवार-रविवार सोडणाऱ्याचा हिशोब तुम्हीच करा. असं अर्धवट घेत राहिलं की विषाणू औषधाला सरावतो आणि मग तीच गोळी पुढं लागू पडत नाही.

याच्याच जोडीचा दुसरा गैरसमज म्हणजे "आधी दारू सुटू दे, मग औषध सुरू करू." असं म्हणून वर्ष घालवलेली घरं आहेत. २०१७ पासून आपल्या देशात नियम असा आहे की रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सीडी४ (रक्तातल्या बचावाच्या पेशींचा आकडा) किती का असेना, औषध सुरू करायचं, आणि ते फुकट मिळतं. पितो म्हणून औषध थांबवायचं असं कुणी सांगितलं तर सरळ सेंटरच्या कौन्सेलरला विचारा. तेव्हा क्रम डोक्यात ठेवा: गोळी आजच्या आज, आणि दारूचं नी मनाचं काम तिच्या बरोबरीनं. एकाची वाट बघत दुसरं अडवायचं नाही.

गोळीची वेळ आणि जागा

वेळ सकाळची धरा. संध्याकाळी माणूस कुठल्या अवस्थेत घरी येईल, येईल का नाही, सांगता येत नाही, सकाळी मात्र बहुतेक जण घरात नी शुद्धीत असतात. शिवाय डोल्युटेग्राविरनं काही जणांची झोप उडते, सकाळी घेतली की तो त्रास कमी होतो. सकाळीच सुरुवात करणारा माणूस असेल तर पहिल्या घोटाच्या आधी. जेवून घेतली तरी चालते, उपाशीपोटी पण चालते, त्यामुळं एकादशी आहे, सोमवार आहे, म्हणून सोडायचं कारण नाही, पाण्याबरोबर घ्या. रोजा असेल तर सहरीला किंवा इफ्तारनंतर, एक वेळ ठरवून. चुकलीच तर आठवल्याबरोबर घ्यायची, खरं दुसऱ्या दिवशीच आठवण झाली तर दोन एकदम घ्यायच्या नाहीत, त्या दिवशीची एकच.

जागा पण महत्त्वाची. एका ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या आईनं काय केलंय बघा. दारात आत आलं की डाव्या हाताला खिळा आहे, त्याला ट्रॅक्टरची किल्ली असते, त्याच खिळ्याला तिनं जुन्या कापडाची छोटी पिशवी अडकवलीय आणि त्यात आठवड्याच्या खणांची प्लॅस्टिकची डबी. किल्ली काढायला हात गेला की डबीला लागतोच. सात खणांपैकी आजचा खण रिकामा झाला काय नाही हे तिला लांबनं दिसतं, विचारावं लागत नाही, म्हणून भांडण होत नाही. मला हे फार आवडलं. मोबाईलचा अलार्म पण चालतो म्हणा, खरं पिणाऱ्या माणसाचा मोबाईल महिन्यातनं एकदा तरी कुठंतर पडलेला असतो.

सेंटरकडनं येणारी डबी ३० गोळ्यांची असते आणि पिशवीत खडखडते, बसमध्ये शेजारचा बघतो म्हणून लोक त्या गोळ्या कागदात बांधून आणतात. असं करू नका, ओल लागते. डबीत वरनं थोडा कापूस घाला, आवाज बंद. आतली ती बारकी पुडी असते ती टाकायची नाही, ती ओल शोषायलाच दिलेली असते. आठवड्याचं तेवढंच बाहेर काढून ठेवा.

आणि सगळ्यात अवघड सांगतो. गोळी देताना दारूचा विषय काढायचा नाही. "घ्या, आणि संध्याकाळी परत घाला ढोसायला" असं एकदा म्हटलं की गोळी म्हणजे बोलणी खायची वेळ असं त्याच्या डोक्यात बसतं, आणि मग तो गोळी गालात धरून बाहेर जाऊन थुंकतो. रागवायचं ते दुपारी रागवा, संध्याकाळी रागवा, तुमचा राग खोटा नाही. सकाळची ती दोन मिनिटं तेवढी सोडून द्या.

ॲसिडिटीचं पातळ औषध, ताकदीच्या गोळ्या

हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर. पिणाऱ्याला ॲसिडिटी असतेच, सकाळी उठून पहिलं काम म्हणजे डायजिन नाहीतर जेलुसिल. यात ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम असतं, ते डोल्युटेग्राविरला पोटातच धरून ठेवतं आणि औषध अंगात पोचतच नाही. म्हणजे माणूस रोज गोळी घेतोय नी तरी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, खाली येत नाही, आणि घरचे म्हणतात हा टाकतोय. गोळी आधी घ्यायची आणि तसलं पातळ औषध कमीत कमी २ तासांनी. ते आधीच पिऊन झालं असेल तर गोळीला ६ तास थांबायचं. लोहाच्या नी कॅल्शियमच्या गोळ्यांचं पण तसंच, फक्त त्या जेवणाबरोबर एचआयव्हीच्या गोळीसंगट घेतल्या तर चालतात. पॅन्टोप्राझोल घेणाऱ्याला ही अडचण नाही.

फिट येणाऱ्याला इप्टॉइन, टेग्रिटॉल अशी औषधं चालू असतात, दारू सोडताना फिट आली म्हणून पण दिली जातात. ही टीएलडीचा जोर कमी करतात. टीबीचं रिफाम्पिसिन पण करतं, तेव्हा डोल्युटेग्राविर दिवसातनं दोनदा द्यावं लागतं. शुगरच्या मेटफॉर्मिनचं उलटं आहे, तिचं प्रमाण अंगात वाढतं, म्हणून दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. तेव्हा कुठल्याही डॉक्टरकडं गेलात तर डोल्युटेग्राविर चालू आहे एवढं नाव चिठ्ठीवर लिहून दाखवा, चारचौघात एचआयव्ही हा शब्द उच्चारायची गरज नाही, डॉक्टरला कळतं.

झोपेच्या गोळ्या. अल्प्राझोलम दे म्हणून माझ्याकडं रोज कोण ना कोण येतं. दारूवर झोपेची गोळी घेतली तर झोपेतच श्वास मंद होत जाऊन माणूस जाऊ शकतो. चिठ्ठीशिवाय देणारा दुकानदार तुमच्या भल्याचा नव्हे.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात एकदम बंद करू नका

आपल्याकडं दारू सोडायची सगळ्यात मानाची पद्धत म्हणजे माळ घालणं. वारीला जातो, माळ घालतो, त्या दिवसापासनं बंद. यानं सुटलेली माणसं मी बघितलीत, त्याला नावं ठेवणार नाही. खरं जो माणूस सकाळपासनं पितो, ज्याचे हात घोट घेतल्याशिवाय चहाचा कप धरत नाहीत, त्यानं एका दिवसात बंद केलं की शरीर उलटतं. पहिल्या दिवशी हात थरथर, घाम, छातीत धडधड. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जणांना भलतंच दिसायला लागतं, भिंतीवर किडे, दारात मेलेला काका, अंगात ताप, ओळख लागत नाही. गावात याला बाहेरची बाधा समजून देवऋषीकडं नेतात आणि तिथं वेळ जातो. ही दवाखान्यातली इमर्जन्सी आहे, यात माणूस दगावतो.

माळ घालायचीच असेल तर जरूर घाला, फक्त आधी डॉक्टरला गाठून तारीख ठरवा. बेळगावच्या सिव्हिलला, म्हणजे बिम्सला, मानसिक आजाराचा विभाग आहे. केएलईच्या दवाखान्यात आहे. धारवाडचं डिमहान्स, मनाच्या आजारांचा सरकारी दवाखाना, तर त्यासाठीच आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर ठरलेल्या दिवशी येतात, कर्नाटकात मनोचैतन्य नावानं तो मंगळवार धरलेला असतो, तुमच्या तालुक्यात कुठला मंगळवार ते आधी विचारून घ्या. तिथं थोड्या दिवसांपुरती औषधं देऊन हळूहळू कमी करतात आणि बी-१ म्हणजे थायमिन देतात. एक लक्षात ठेवा, गावातल्या कंपाउंडरकडनं "अशक्तपणा आहे, सलाईन लाव" म्हणून नुसतं ग्लुकोज चढवून घेऊ नका, अंगात थायमिन नसताना ग्लुकोज गेलं की पिणाऱ्याच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आधी थायमिन, हे तोंडानं म्हणून दाखवा, लाजू नका.

सुटल्यावर इच्छा कमी करणारी औषधं पण आहेत, नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट वगैरे. पहिल्याला लिव्हर बघतात, दुसऱ्याला किडनी, आणि टेनोफोविर घेणाऱ्याची किडनी तशीही मधनं मधनं तपासावीच लागते.

आता त्या पावडरीचं. "माणसाला न कळता दारू सोडवा" अशी जाहिरात भिंतीवर, रिक्षामागं, मोबाईलवर सगळीकडं असते, भाजीत घाला, चहात घाला. त्यात काय असतं ते त्यांनाच माहीत. डायसल्फिराम असेल तर ते खऱ्या डॉक्टरचं खरं औषध आहे, खरं ते घेतलेल्या माणसानं दारू घेतली की तोंड लालबुंद, उलट्या, छाती धडधडणं, बीपी पडणं, आणि हे औषध बंद केल्यावर दोन आठवड्यांपर्यंत होऊ शकतं. म्हणून ते त्या माणसाला सांगून, त्याच्या संमतीनंच देतात. लपवून घालणाऱ्या बायकोला मी दोष देत नाही, तिची गत काय झालेली असते ते मला दिसतं, खरं घालू नका. जीव जाईल, आणि जीव गेला नाही तर विश्वास जाईल, मग सकाळची गोळी पण तो तुमच्या हातनं घेणार नाही.

मन

पुष्कळ जण दारूमुळं एचआयव्ही झाला म्हणतात आणि पुष्कळ जण एचआयव्ही कळल्यावर प्यायला लागलेले असतात. कुठलं आधी यावर घरात कोर्ट भरवून काही मिळत नाही. दोन गोष्टी विचारा: गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश वाटतंय काय, आणि ज्यात आधी रस होता, म्हणजे शर्यत, भजन, शेरडं, मुलीची शाळा, त्यातनं मन उडालंय काय? एकाचं जरी होय आलं तर दाखवायचं. दारू सुटल्यावर दोन-चार आठवड्यांत काही जणांची उदासी आपोआप ओसरते, म्हणून डॉक्टर कधी थांबून बघतात. थांबायचं का नाही ते डॉक्टरनं ठरवायचं, आपण नव्हे. उदासीची औषधं, सर्ट्रालिन किंवा एसिटालोप्राम, टीएलडीबरोबर चालतात, त्यांची चटक लागत नाही, आणि गुण यायला दोन ते चार आठवडे जातात. आठव्या दिवशी "काय फरक नाही" म्हणून माझ्याकडं परत करायला आणणारे आहेत. अजून कुणी एचआयव्हीच्या जुन्या एफाव्हिरेन्झच्या गोळीवर असेल आणि भीतीदायक स्वप्नं, घेरी, उदासी असेल तर सेंटरला सांगा, ते त्या औषधाचं पण असू शकतं.

मरायचं बोलत असेल तर सरळ विचारा, जीव द्यायचं डोक्यात येतंय काय. विचारल्यानं डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. आपल्याकडं धोका कुठं असतो तर तो शेडमध्ये, उसाला नी तंबाखूला मारायच्या औषधाच्या बाटलीत. त्या बाटल्या त्याच दिवशी घरातनं हलवा, भावाच्या शेडला कुलपात ठेवा, पिल्यावरचा राग अर्ध्या तासाचा असतो आणि त्या अर्ध्या तासात हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, रात्रंदिवस चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. प्रकार घडलाच तर इमर्जन्सीचा ११२. पोलीस केस होईल म्हणून दवाखान्यात न्यायला उशीर करू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न करणारा माणूस ताणाखाली होता असंच धरतात, त्याला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे असतात.

आणि एक, जे मला फार महत्त्वाचं वाटतं. पिणारा माणूस बरळतोय, तोल जातोय, सारखा झोपतोय म्हटलं की सगळे म्हणतात "चढलीय". एचआयव्ही असलेल्याला, विशेषतः औषध तुटलेल्याला, मेंदूचा टीबी, क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीचा मेनिंजायटीस (मेंदूच्या आवरणाची सूज), टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा मेंदूतला आजार असं काहीही होऊ शकतं. पडून डोक्यात रक्त साकळलेलं असू शकतं, लिव्हर गेल्यामुळं पण शुद्ध हरपते. ताप आणि डोकेदुखी आहे, उलट्या आहेत, एका बाजूचा हात उचलत नाही, किंवा दारू न घेता गोंधळलाय, तर सकाळची वाट बघू नका. दवाखान्यात "दारूडा आहे" म्हणून बाकावर बसवून ठेवलं तर "हे यांचं नेहमीचं नाही, आज वेगळं आहे" हे वाक्य परत परत म्हणा.

टीबी, कावीळ, घरचे

थोडक्यात. दोन आठवडे थांबायचं नाही, कसलाही खोकला, ताप, वजन उतरणं, रात्रीचा घाम यातलं एक असलं तरी सेंटरला सांगायचं. टीबी होऊ नये म्हणून आयसोनियाझिड देतात, त्यावर दारू पडली की लिव्हरला दुप्पट मार, डोळे पिवळे किंवा लघवी चहासारखी दिसली की लगेच दाखवा. हिपॅटायटीस बी आणि सी एकदा तपासून घ्या, सरकारी कार्यक्रमात उपचार फुकट आहेत. बी असणाऱ्यानं टीएलडी अचानक बंद केली तर कावीळ उसळते, कारण त्यातली दोन औषधं बी ला पण दाबून ठेवत असतात. नशेचं इंजेक्शन घेणारं पोरगं घरात असेल तर सुई कुणाबरोबर वाटून घ्यायची नाही, आणि अफूच्या जातीच्या नशेला ब्युप्रेनॉर्फिनची जिभेखालची गोळी सरकारी ओएसटी (नशेच्या बदली औषध देणाऱ्या) सेंटरमधनं मिळते. आपल्या भागात घराघरात आहे ती दारूच, म्हणून मी तिच्यावरच जास्त लिहिलंय. नवरा-बायको दोघांची तपासणी करा, आणि गोळी नीट चालू राहून व्हायरल लोड दबला, सापडेनासा झाला, की संबंधातनं लागण होत नाही, हे पण त्याला सांगा. सोडायला कारण लागतं माणसाला.

सेंटर, बस आणि ही आपली सीमा

कुठलं सेंटर धरायचं? निपाणीकडच्यांना कोल्हापूरचं सीपीआर, म्हणजे तिथला सरकारी दवाखाना, बेळगावपेक्षा जवळ पडतं, खानापूर-बेळगावकडच्यांना बेळगाव. ओळखीचं कोणी बघेल म्हणून मुद्दाम लांबचं धरणारे खूप आहेत, त्यात चूक काही नाही, खरं पिणाऱ्या माणसाच्या बाबतीत लांबचं सेंटर म्हणजे चुकलेली तारीख. बायकांना कर्नाटकाच्या साध्या बसमध्ये राज्याच्या आत २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत तिकीट नाही, तो पण हिशोब धरा. तालुक्याला लिंक एआरटी सेंटर, म्हणजे मोठ्या सेंटरला जोडलेलं छोटं सेंटर, असेल तर औषध तिथनं मिळायची सोय होते, कौन्सेलरला विचारा. औषध नीट चालू असणाऱ्याला एकदम तीन महिन्यांचं पण देतात.

आणि दोन-चार आठवड्यांच्या गोळ्या कायम शिल्लक राहतील असं बघा. २०१९ आणि २०२१ च्या पावसात निपाणीजवळच्या यमगर्णीला हायवेवर पाणी आलं तेव्हा इकडचं तिकडं जाता येत नव्हतं. २०२२ च्या डिसेंबरात नी २०२५ च्या फेब्रुवारीत सीमेचं तापलं आणि एसटी बंद पडली. विषाणूला कर्नाटक-महाराष्ट्र काही कळत नाही. ऊसतोडीला, गोव्याला कामाला, ट्रक घेऊन पुण्याला जाणाऱ्यानं सेंटरचं हिरवं पुस्तक, औषधाची नोंद असते ते, जवळ ठेवायचं. ते दाखवलं की वाटेतल्या कुठल्याही सरकारी एआरटी सेंटरवर तेवढ्यापुरतं औषध मिळतं, कायमचं जायचं असेल तर आधी ट्रान्सफर करून घ्या. काउंटरवर कन्नड कानावर पडलं म्हणून म्हातारी माणसं गप्प मागं सरकतात. बेळगावात मराठी समजणारं कोण ना कोण असतंच, "मराठीत सांगा ओ जरा" म्हणा.

कौन्सेलरला दारूचं खरं सांगायचं. किती, कधी, कुणाबरोबर. ते ओरडायला बसलेले नाहीत, आणि एखादा ओरडलाच तर दुसऱ्याकडं बसवा म्हणायचा हक्क आहे. २०१७ चा एचआयव्ही कायदा, २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू, त्यात तुमच्या संमतीशिवाय स्टेटस कुणाला सांगता येत नाही, आणि त्या कारणानं कामावरनं किंवा दवाखान्यातनं हाकलता येत नाही.

व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं असेल तर

पैसे भरायच्या आधी चार गोष्टी विचारा, डॉक्टर रोज येतो काय, फिट आली तर कुठं नेता, रोजची गोळी कोण देतं, घरच्यांना भेटू देता काय. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं नोंदणी आहे काय तो कागद बघा. मारून, बांधून दारू सोडवतो म्हणणाऱ्याच्या दारात पाय ठेवू नका, तसली ठिकाणं आहेत आणि तिथं पहिल्यांदा बंद होते ती एआरटीचीच गोळी. पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या डबीसकट द्या, तिथल्या डॉक्टरला सांगा, खोलीतल्या बाकीच्यांना सांगायची काही गरज नाही. जायचं कुठं ते कळत नसेल तर नशामुक्तीची हेल्पलाइन १४४४६, एचआयव्हीची १०९७.

औषध तुटलेल्याला परत न्यायचं असेल तर

सहा महिने, दोन वर्षं, कितीही झाली असू देत, परत घेतात. पुस्तक हरवलं असेल, भिजलं असेल, रागात फाडलं असेल, तसंच जा, नाव त्यांच्याकडं नोंदीत असतं. जुन्या शिल्लक गोळ्या घरात आपल्या मनानं सुरू करू नका, डबी तशीच घेऊन जा. तिथं टीबीचं विचारतील, सीडी४ काढतील, पुढं व्हायरल लोड बघतील आणि मग औषध ठरेल. शेवटची गोळी कधी घेतली ते अंदाजानं का होईना खरं सांगा. बहुतेक जण औषधाला नव्हे, तिथल्या "इतके दिवस कुठं होता" ला भ्यालेले असतात. म्हणून पहिल्यांदा तुम्ही आत जा आणि सांगा, "पेशंट बाहेर बसलाय, लाजतोय, ओरडू नका, नाहीतर परत जाईल." सोबत कोण जाणार ते आदल्या दिवशी ठरवा, जमलं तर ज्याच्याबरोबर तो पीत नाही असा माणूस घ्या, आणि सकाळची पहिली गाडी धरा, कारण दुपारनंतर सेंटरला गर्दी नसली तरी आपल्या माणसाचे हात थरथरायला लागलेले असतात.